कन्फर्म झाल्याशिवाय कळवू नये

'जागा आहे का?' असं कधी विचारू नये, हे मला इंगळेकाकांनी शिकवलं. विचारलं की समोरच्याला 'नाही' म्हणायची सोय होते. आपण नुसतं दिसत राहायचं. त्याने मान वर केली की आपण दिसलो पाहिजे, पण त्याच्या कामात आडवं यायचं नाही. सामान मांडीवर मावेल एवढंच. चेहऱ्यावर घाई नको आणि पोटात भूक नको, कारण भुकेला माणूस चिडतो आणि चिडलेल्या माणसाला कुणी विमानात घेत नाही.

विमान म्हणजे हवाई दलाचं मालवाहू विमान. काका एअर फोर्समध्ये फिटर होते, वॉरंट ऑफिसर होऊन रिटायर झाले. एका तळावरून दुसऱ्या तळावर सामान नेणाऱ्या विमानांना ते लोक 'कुरियर' म्हणतात. माल भरून झाला आणि जागा उरली, तर सुट्टीवर निघालेल्या जवानांना, त्यांच्या बायकापोरांना त्यात बसता यायचं. उरली तर. त्या 'तर'वर काकांनी नोकरीतल्या सगळ्या सुट्ट्या काढल्या, आणि मग सवयीने बाकीचं आयुष्यही.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते इथं परदेशात, ओटाहुहू नावाच्या उपनगरातल्या एका हॉलमध्ये. आपल्या मंडळाचा गणपती होता आणि जेवणाच्या कुपनांच्या टेबलावर मी बसले होते. कुपनं संपलेली. रांगेतला प्रत्येकजण, "अहो, एक तरी बघा ना," म्हणून मला पिडत होता आणि मी प्रत्येकाला नाही म्हणून म्हणून करवादले होते. एकच माणूस काही मागत नव्हता. ठेंगणा, पांढऱ्या मिशांचा, कडक इस्त्रीची पँट आणि पायात मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. अंगात एक स्वेटर, कमरेला दुसरा बांधलेला. माझ्या बरोबर समोर, भिंतीशी, स्वतःच्या निळ्या रेक्झिनच्या बॅगेवर तो बसला होता. मान वर केली की तोच दिसायचा. मधेच उठून त्याने दोन खुर्च्या सरळ केल्या, माझ्या टेबलावरचा उडता कागद पेनाखाली ठेवला, एक लिमलेटची गोळी माझ्यापुढे सरकवली आणि परत जाऊन बसला. तासाभराने मी स्वतःच उठून त्याला म्हणाले, "काका, तुम्ही जेवायला चला."

"कन्फर्म?" त्याने विचारलं.

"कन्फर्म."

तेव्हा कुठे त्याने खिशातून फोन काढला आणि मुलाला कळवलं, "अमोल, मी इथं जेवतोय. माझं घरी नको."

पुढे कळलं की अमोल इंगळे म्हणजे टाकानिनीत आमच्या मागच्याच गल्लीत राहणारा, आयटीतला, रोज साउदर्न मोटरवेच्या नावाने बोटं मोडणारा गृहस्थ. मी ओटाहुहूला एका टायरच्या गोदामात डिस्पॅच बघते. कुठल्या ट्रकमध्ये काय चढवायचं आणि काय मागे ठेवायचं हे ठरवते. हे ऐकल्यावर काकांचे डोळे चमकले. त्यांच्या तळावर विमानात कोण बसणार हे ठरवणाऱ्या खात्याला 'मूव्हमेंट' म्हणत. त्या दिवसापासून मी त्यांची 'मूव्हमेंट मॅडम' झाले. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत नीट आठवत होतं की नाही, याची मला शंका आहे.

काका कधीही कळवून आले नाहीत. दारात उभं राहून फोन करायचे, "पोचलो." मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, निघताना तरी सांगायचं हो. मी घरात केस विंचरून तरी बसेन."

"आणि बस चुकली असती तर? वाटेत पाऊस लागून मी माघारी गेलो असतो तर? उगाच तू चहा टाकून बसली असतीस." मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघ. सुट्टी मंजूर झाली की नवे पोरगे लगेच घरी तार ठोकायचे, 'मी येतोय.' आणि इकडे तीन-तीन दिवस कुरियर नाही. तिकडे बाप रोज स्टँडवर हेलपाटे घालतोय, आई पुरणाचं शिजवून नासवतेय. आमचा नियम एक. चाकं जमीन सोडत नाहीत तोवर घरी कळवायचं नाही. आनंद कन्फर्म झाल्याशिवाय वाटायचा नसतो."

कुठूनही निघताना ते आधी "टाकी रिकामी करून" यायचे. खिशात कानात घालायला कापूस आणि लिमलेटच्या गोळ्या. 'उद्या येतो' हे शब्द त्यांच्या तोंडी नव्हते, 'उडालो तर येतो' म्हणायचे. आणि परदेशी निघालेल्या मराठी माणसाला विमानतळावर सोडायला जी अर्धी गल्ली लोटते, ते त्यांना अजिबात खपायचं नाही. त्यांना सोडायला फक्त अमोल, तोही बाहेरच्या बाहेर. ते आत जाताना मागे वळून बघत नसत. "निरोप घेतला आणि उतरवलं, तर तेच तोंड घेऊन परत यावं लागतं," म्हणायचे. 'ऑफलोड' हा शब्द ते फार जपून वापरायचे, आपल्याकडे सापाला जनावर म्हणतात तसं 'उतरवलं' म्हणायचे.

काका आणि काकू इथं एकत्र कधी आले नाहीत. पुण्याला, धानोरीला, काकांची आई अंथरुणाला खिळलेली होती. त्यामुळे एकदा काका यायचे, एकदा काकू. काकू आल्या तो हिवाळा मला चांगला आठवतो. शालूकाकू काकांपेक्षा बोटभर उंच, आवाजाने तर हातभर. आल्या आल्या त्यांनी गल्लीतल्या सगळ्यांना सांगितलं की त्यांना विमानात खिडकी मिळाली होती.

"अगं, लग्न झाल्यापासून विमानात बसतेय मी," त्या म्हणाल्या, "पण ढग म्हणून पाहिले नाहीत. त्या कुरियरमध्ये भिंतीला पाठ लावून बसायचं, कापडी पट्ट्यांवर. समोर काय, तर डाळीची पोती, टायर, जनरेटर. खिडकी म्हणजे मानेमागे एक गोल भोक. बघायला गेलं की मान आखडते. या खेपेला सिंगापूरपासून इथपर्यंत डोळा मिटला नाही मी. यांना फोनवर म्हटलं, अहो, जग केवढं चांगलं आहे वरून."

जोरहाटची गोष्ट काकूंनीच सांगितली. अमोल तेव्हा तान्हा होता. आसामातून सुट्टीवर निघालेले, दोन दिवस तळावर ट्रंकेवर बसून काढलेले, आणि अखेर तिघांना जागा मिळाली. पट्टे बांधले, पंखे फिरायला लागले, आणि एक जीप धावत आली. एका गेलेल्या जवानाची पेटी दिल्लीला जायची होती. पेटी आणि सोबत त्याचा भाऊ.

"पेटी आली की आपण उठायचं. कुणी सांगावं लागत नाही," काकू म्हणाल्या. "हे उठले. मीही उठायला लागले, तर तो मूव्हमेंटवाला म्हणाला, बाळाची आई बसू दे. एवढ्या आवाजात काय बोलणार? यांनी खुणेनं सांगितलं, जा. आणि गोळ्यांची पुडी माझ्या हातात कोंबली. दिल्लीत मी जन्मात गेले नव्हते. ती पेटी माझ्या पायांना लागून होती गं. तो भाऊ सगळा वेळ तिच्यावर हात ठेवून होता. मी अमोलला दूध पाजलं ते त्या पेटीकडे पाठ करून. दिल्लीला उतरले आणि तळाच्या फाटकापाशी ट्रंकेवर बसून राहिले. हलायचं नाही, हे यांनी शिकवलेलं. जिथे उतरलो तिथेच बसायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी हे आले. फाटकातून बाहेर येताना इकडेतिकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ माझ्याकडे चालत आले."

"आणि घरी कळवलं नव्हतंत?"

"कुणाला काय कळवणार? कन्फर्म कुठे होतं काही?" आणि त्या खदखदून हसल्या.

त्याच दिवसांत माझ्या रेसिडेन्सीचा अर्ज अडकून पडला होता. मी रोज आईला फोनवर रडगाणं ऐकवायचे. काकू मला म्हणाल्या, "आईला काय सांगत बसतेस? ती तिथे नाशकात बसून काय करणार आहे, जप? झालं की सांग." त्यांनी नवऱ्याचा नियम पार अंगात मुरवून घेतला होता. मला वाटतं, काकांपेक्षाही त्याच तो जास्त पाळायच्या. काका त्यावर बोलायचे, त्या नुसत्या वागायच्या.

यानंतरच्या खेपेला काका आले तेव्हाची एक दुपार सांगितलीच पाहिजे. अमोलला सुट्टी नव्हती म्हणून मी काकांना आणि त्यांच्या नातीला, ईराला, विमानांचं एक संग्रहालय बघायला घेऊन गेले. तिथे एक निवृत्त मालवाहू विमान ठेवलेलं होतं, पोट उघडं टाकून. काका आत गेले, भिंतीलगतच्या लाल कापडी पट्ट्यांवर बसले, बॅग मांडीवर घेतली आणि डोळे मिटले. ईराने विचारलं, "आजोबा, आर यू ओके?" त्यांनी डोळे न उघडता मान हलवली.

तिथे केविन नावाचा एक म्हातारा स्वयंसेवक होता, तोही हवाई दलातून निवृत्त झालेला. त्याने काकांच्या बसण्यावरूनच ओळखलं. "किया ओरा," असा इकडचा नमस्कार करून तो म्हणाला, "यू हॅव डन धिस बिफोर, मेट." मग दोघे शेजारी बसले ते तासभर. इकडच्या हवाई दलात अशा उरल्यासुरल्या जागेवरच्या प्रवासाला 'इंडल्जन्स' म्हणतात, असं केविनने सांगितलं. काकांनी मला अर्थ विचारला. मी म्हटलं, "लाड." काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. "थंडीने दात वाजतायत, बसायला फडकं, मुतायला बादली, आणि म्हणे लाड!"

दोघांनी आपापल्या युक्त्या काढल्या. पहिल्या विमानाला नाही मिळाली तर घरी जायचं नाही, दुसऱ्याला बरेचदा मिळते. कुठे जायचंय ते फार नेमकं ठरवायचं नाही, निम्म्या वाटेवर सोडणारं विमानही पकडायचं. चढवणाऱ्या माणसाला दिसेल असं बसायचं. गरम कपडे बॅगेत नाही, अंगावर. आणि केविन म्हणाला, "नेव्हर टेल द मिसेस टिल यू आर व्हील्स अप." काकांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. परत येताना गाडीत ते सारखं म्हणत होते, "बघ, जगात सगळीकडे एकच नियम आहे." मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं. आता ते वाक्य आठवलं की मला त्या नियमाचा राग येतो, अगदी माणसाचा यावा तसा.

काकांची आई गेली आणि पहिल्यांदाच दोघांनी मिळून इथं यायचं ठरलं. अमोलने दोघांसाठी लांब मुदतीचा पालकांचा व्हिसा घालायचं ठरवलं. काकांच्या पासपोर्टवर आधीचा व्हिसा शिल्लक होता म्हणून ते पुढे आले, काकूंनी मेडिकल करून, व्हिसा हातात घेऊन मागून यायचं. काकांनी इथं काकूंसाठी परसात मेथी लावली. एका खोलीत दोन पलंग होते ते स्वतः ओढून जोडून ठेवले. सून, प्राजक्ता, मला म्हणाली, "बाबा रोज ती चादर नीट करतात गं."

मात्र काकूंचं येणं लांबत चाललं. काकूंचा फोन रोज यायचा, तिकडच्या सकाळी, आपल्या दुपारी. काका फोन नेहमी स्पीकरवर ठेवायचे, पंख्यांच्या आवाजात आयुष्य गेल्याने त्यांना कमी ऐकू यायचं. "मेडिकलचं थोडं राहिलंय," काकू म्हणायच्या. पुढच्या आठवड्यात, "परत एकदा एक्स-रे काढायला सांगितलाय, मशीन जुनं आहे त्यांचं." मग, "जरा खोकला आहे, तो जाऊ दे म्हणाले." काका म्हणायचे, "घाई करू नकोस. त्यांना दिसत राहा. विचारू नकोस." आणि काकू म्हणायच्या, "विचारत नाहीये हो मी. बसलेय गप."

तो शनिवार होता. मी त्यांचा कुकर परत द्यायला गेले होते. अमोल आणि प्राजक्ता फ्लॅट बुशला कुणाकडे गेलेले, घरी काका आणि ईरा. काका ओट्यापाशी उभं राहून मटार सोलत होते. फोन वाजला, काकांनी हिरव्या बोटाने तो उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"अहो, ऐकलंत का? कन्फर्म झालं."

काकांच्या हातातली शेंग खाली पडली. "झालं? मी म्हटलं नव्हतं? कधीचं मिळालं? खिडकी मिळाली का?"

पलीकडून लांबवर रिक्षा गेल्याचा आवाज आला.

"व्हिसाचं नाही हो," काकू म्हणाल्या. "रिपोर्टचं."

"कसला रिपोर्ट?"

"छातीत सावली दिसली होती ना मेडिकलला. तपासायला तुकडा काढून पाठवला होता. काल संध्याकाळी आला. कन्फर्म आहे म्हणाले. बरंच पसरलंय म्हणाले." आणि मग घाईघाईने, "तुम्ही जेवलात का?"

काका फोनकडे बघत राहिले. मग त्यांना स्पीकर बंद करायचा होता, पण त्यांनी तो आजवर कधी बंदच केला नव्हता. ते नुसतं काचेवर बोट फिरवत राहिले. ईरा जवळ आली, "धिस वन, आजोबा," म्हणाली आणि तिनेच बंद केला. मी ईराला घेऊन बाहेर फुटपाथवर जाऊन उभी राहिले. काय करावं सुचेना, म्हणून कोपऱ्यावरच्या डेअरीत जाऊन तिला आइस्क्रीम घेऊन दिलं. परत आलो तेव्हा काका मटार सोलतच होते. सोललेले दाणे आणि सालं त्यांनी एकाच भांड्यात टाकली होती.

अमोलने त्याच रात्रीची तिकिटं काढली. पुढचं काकांनी मला परत आल्यावर सांगितलं, एका दमात नाही, तुकड्यातुकड्यांनी.

काकूंसोबत दवाखान्यात फक्त त्यांची भाची असायची, तीही नोकरी सांभाळून, त्यामुळे बरेचदा काकू एकट्याच जायच्या. भाचीने काकांना सांगितलं की मावशी कधी कुणाला 'माझा नंबर कधी' म्हणून विचारत नसे. सिस्टरला दिसेल अशा जागी बसायची. अंगावर स्वेटर, मांडीवर लहान पिशवी, पिशवीत लिमलेटच्या गोळ्या, त्या सिस्टरलाही द्यायची. कुणी जास्त तळमळणारा आला की आपण उठून त्याला पुढे घालायची. एकदा तिचं तपासणीचं मशीन दुसऱ्या कुणाला दिलं आणि तिला तीन दिवसांनी या म्हणाले, तर हसत परत आली. म्हणाली, 'उतरवलं आज.'

"सगळे नियम पाळले तिने," काका म्हणाले. "एकही चुकवला नाही."

काका पोचले तेव्हा काकू बोलत होत्या. थोडे दिवस मिळाले. त्यातल्याच एका संध्याकाळी काकांनी त्यांना विचारलं, "शालू, मला का नाही सांगितलंस? मी तिथं बसून मेथी लावत होतो गं."

आणि काकू म्हणाल्या, "अहो, तुम्हीच तर शिकवलंत. कन्फर्म झाल्याशिवाय घरी कळवायचं नाही."

"रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं," काका मला म्हणाले. "रागाने नाही म्हणाली. शाळेतली मुलगी पाढा न चुकता म्हणून दाखवते आणि मग मास्तरांकडे बघते ना, तसं म्हणाली." हे सांगताना ते रडले. माझ्या स्वयंपाकघरात, कमरेला स्वेटर बांधून, तोंडावर हात न घेता रडले. मीही रडले. दुसरं काय करणार?

तेराव्याला कुणीतरी नातलग त्यांचं सांत्वन करायला म्हणाला होता, 'वहिनी आधीच्या विमानाने पुढे गेल्या असं समजा. जोरहाटला नव्हत्या का गेल्या?' काका म्हणे ताडकन उठले. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला अमोलने ऐकला नव्हता. "त्या वेळी ती कुठे बसली असेल हे मला माहीत होतं," एवढंच म्हणाले आणि बाहेर निघून गेले.

अमोल त्यांना इकडे घेऊन आला. आले ते काका वेगळेच. कपडे तसेच, गोळ्या त्याच, पण हा माणूस आता सगळं आधी कळवायला लागला. सकाळी उठले की मेसेज. 'आज तुझ्याकडे येईन बहुतेक. कन्फर्म नाही. कळवून ठेवलं.' मग, 'निघालो आहे. बस दिसत नाही.' मग, 'बस आली.' मग, 'गर्दी आहे पण बसायला मिळाले.' माझा फोन गोदामात दिवसभर टुणटुणत असायचा आणि माझ्या हाताखालची पोरं हसायची. 'उद्या पाऊस पडेल असे वाटते. कन्फर्म नाही.' 'गुडघा दुखतो आहे. बहुधा काही नाही. कळवले.' अमोल कधीकधी कावायचा, "बाबा, काही झालं की सांगा ना." काका शांतपणे म्हणायचे, "झाल्यावर सांगून काय उपयोग?"

मला तेव्हा नुकते दिवस गेले होते. तीन महिने पूर्ण झाल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही, ही आपली रीतच. नवऱ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. काकांनी कसं ओळखलं कोण जाणे, बहुधा मी चहा नको म्हणाले त्यावरून. दारात उभं राहून म्हणाले, "आईला फोन केलास?"

"काका, अजून फार लवकर आहे."

"आज कर," ते म्हणाले. "मूव्हमेंट मॅडम, माझं ऐक. कन्फर्म व्हायची वाट बघू नकोस."

त्या सांगण्यात असं काहीतरी होतं की मी केला. आई फोनवर हरखली, मग दर दिवसाआड फोन करून काय खावं ते सांगायला लागली. ते मूल राहिलं नाही. पण ज्या दिवशी ते गेलं त्या दिवशी मला आईला सुरुवातीपासून काही समजावून सांगावं लागलं नाही. मी नुसतं 'आई' म्हटलं आणि तिला कळलं. हे मी काकांना कधी नीट बोलून दाखवलं नाही. त्यांना ते कळलं असावं, असं मी समजून चालते.

काकांचं मन इथं रमलं नाही. जोडलेले पलंग त्यांनी परत वेगळे केले होते. धानोरीला जाऊन राहतो म्हणाले, घर बंद ठेवणं बरं नाही म्हणाले. अमोलने खूप समजावलं. त्यांनी ऐकलं नाही. जाऊन वर्षही झालं नसेल, तिकडेच झोपेत गेले. शेवटचे काका मला दिसले ते इथल्या विमानतळावर, आणि मला ते तसेच आठवतात.

या खेपेला त्यांनी सगळ्यांना सोडायला यायला सांगितलं होतं. मला, माझ्या नवऱ्याला, गल्लीतल्या दोन-तीन घरांना, ईराच्या शाळेतल्या मैत्रिणीलासुद्धा. तिकीट रीतसर, नाव छापलेलं. तरी काका काउंटरच्या समोर भिंतीशी जाऊन आपल्या निळ्या बॅगेवर बसले, तिथल्या मुलीने मान वर केली की दिसतील असे. अमोल हळूच म्हणाला, "बाबा, कन्फर्म आहे आपलं." काका म्हणाले, "असू दे रे."

नंबर आला तेव्हा त्यांनी त्या मुलीपुढे एक लिमलेटची गोळी सरकवली आणि हळू आवाजात तिला काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही. पण मला नवल वाटलं, कारण काउंटरवर काही विचारायचं नाही हा तर त्यांचा पहिला नियम. ती मुलगी हसली, टपटप बटणं दाबत राहिली आणि म्हणाली, "स्वीट ॲज, मातुआ." म्हणजे इकडच्या बोलीत, 'काही अडचण नाही, काका.'

मग त्यांनी एकेकाचा निरोप घेतला. अमोलला जवळ घेतलं, प्राजक्ताच्या डोक्यावर हात ठेवला. ईराला म्हणाले, "येतो." ईराला सगळं मराठी समजतं पण ती उत्तर इंग्लिशमध्ये देते. त्या दिवशी ती म्हणाली, "या, आजोबा." माझ्यापाशी आले तेव्हा माझ्या मुठीत उरलेल्या गोळ्यांची पुडी कोंबली आणि पुढे चालू लागले.

आत जायच्या दारापाशी ते थांबले आणि मागे वळले. हात केला. दोन पावलं गेले, परत वळले, परत हात केला. मागे माणसं खोळंबली, एका बाईने सुटकेस त्यांना वळसा घालून नेली, तरी ते वळून बघतच होते. आयुष्यभर न घेतलेले सगळे निरोप ते एकदम घेत होते असं मला वाटलं. मग ते दिसेनासे झाले.

आम्ही तिथेच तास-दीड तास रेंगाळून पार्किंगमध्ये पोचलो तेव्हा सगळ्यांचे फोन एकदमच वाजले. काकांचा मेसेज होता.

'विमानात बसलो. दार अजून उघडे आहे, कन्फर्म नाही. तरी कळवतो. खिडकी मिळाली.'